दहा गुंठ्यांचे अभय

पुण्याहून पश्चिमेस हिंजवडी ओलांडली की मुळशी तालुक्यातील मारुंजी लागते. भातखाचरांचे हे गाव आता संगणक उद्यानाच्या उंबरठ्यावर येऊन उभे आहे. पावसाळ्यात ज्या खाचरांत गुडघाभर चिखल असे, त्यांतील कित्येकांवर उंच इमारती उठल्या. उरलेल्यांचा भाव लोक गुंठ्यावर बोलतात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पुण्या-पिंपरीच्या व्यापारी घराण्यांना हा हिशेब तोंडपाठ आहे. सायंकाळी टेकडीच्या अंगाने पाहिले तर काचेच्या इमारती, अर्धवट बांधलेले सांगाडे आणि त्यांच्यामध्ये कापणी होऊन भेगाळलेले एखादे सपाट रान एकाच वेळी नजरेत येते.

अशा रानाकडे शेतकरी एका नजरेने पाहतो, बांधकाम व्यावसायिक दुसऱ्या नजरेने. तिसरी नजर सर्कसवाल्याची. चार-पाच एकरांचे सपाट पटांगण, जवळून जाणारी डांबरी सडक, पाण्याची सोय आणि संध्याकाळी मुलांना घेऊन बाहेर पडणारी वस्ती, एवढे त्याला पुरते. शहरांच्या पोटातली मोकळी मैदाने संपली, तसा हा फिरता संसार कडेकडेच्या गावांकडे सरकत गेला. मारुंजीचे असे एखादे रान या तिसऱ्या नजरेने आखून पाहिले, म्हणजे जुन्या सर्कशीचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. सडकेच्या बाजूला कमान आणि तिकिटाची खिडकी; मध्ये मोठा तंबू; एका अंगाला घोड्यांची रांग, खुंटाला बांधलेले हत्ती, कलावंतांच्या राहुट्या; आणि अगदी मागे, प्रेक्षकांना सहसा न दिसणाऱ्या बाजूला, वाघ-सिंहांच्या पिंजरागाड्या. या गाड्या घोड्यांपासून दूर, पण रिंगणाच्या मागल्या दारापासून जवळ लागत. पिंजऱ्यापासून रिंगणापर्यंत लोखंडी जाळीचा एक अरुंद बोगदा जोडावा लागे आणि तो जितका आखूड तितका बरा.

प्रेक्षक जे पाहत, ते रिंगणातील दहा-पंधरा मिनिटांचे असे. वाघाचा उरलेला दिवस त्या मागल्या बाजूला जाई.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. भारतीय सर्कस जन्मली तीच मराठी मुलखात. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोडे शिकविणाऱ्या विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईस आलेली कियारिनीची इटालियन सर्कस पाहिली आणि १८८० साली स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. (विष्णुपंत गाण्याचेही तितकेच वेडे होते, रहिमतखाँसारखा गवई त्यांच्या सर्कशीबरोबर गावोगाव हिंडला. एका तंबूत सिंहाची डरकाळी आणि दुसऱ्यात तंबोरा, असा तो काळ.) पुढे सांगली परिसरातून म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, तासगावची परशुराम लायन सर्कस निघाली. ज्या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात जैन समाज शेती आणि व्यापार या दोहोंत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावला आहे, त्याच पट्ट्यातून वाघ-सिंहांचे पिंजरे हिंदुस्थानभर आणि समुद्रापलीकडे गेले. घोड्यांचा हरभरा, हत्तीचा गूळ, दिव्यांचे तेल हे सारे बाजारपेठेतूनच यायचे. वाघाचा खर्च तेवढा दुसऱ्या वहीत.

पुण्यातही या विद्येचा एक मोठा पुरुष होऊन गेला. दामू धोत्रे १९०२ साली पुण्यात जन्मले, लहानपणीच मामांच्या शेलार सर्कशीत गेले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी आल्फ्रेड कूर या फ्रेंच शिक्षकाच्या प्राण्यांबरोबर अमेरिकेत पोहोचले. डोक्याला फेटा, वरचे अंग उघडे, आणि भोवती वाघ, बिबटे, काळे चित्ते अशा थाटात रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात उभा राहणारा हा पुणेकर जगभर नाव मिळवून अखेरीस पुण्यास परतला आणि १९७३ साली येथेच निवर्तला. त्यांच्या आत्मकथनाचे मराठी नाव ‘वाघ-सिंह माझे सखे-सोबती’ असे आहे. हे ‘सखे-सोबती’ म्हणणे खोटे होते असे समजणे अन्यायाचे ठरेल. सर्कशीतील माणसांचे आपल्या जनावरांवर प्रेम असे. बछडा आजारी पडला तर रात्र रात्र जागणारे, वाघाच्या नुसत्या हुंकारावरून त्याचे पोट बिघडल्याचे ओळखणारे राखणदार होते. प्रश्न प्रेमाचा नव्हता. ज्या जागेत आणि ज्या दिनक्रमात ते प्रेम चाले, त्यांचा होता.

पिंजरागाडीचे माप वाघ ठरवीत नसे. रस्ता आणि रेल्वे ठरवीत. सर्कस जेव्हा खास गाडीने गावोगाव जाई, तेव्हा पिंजरा मालगाडीच्या डब्यावर चढला पाहिजे, पुलाखालून गेला पाहिजे, वळणावर अडता कामा नये, एवढेच पाहिले जाई. मराठीत मालगाडीच्या डब्याला ‘वाघीण’ म्हणतात. शब्दाचा हा योगायोग सर्कशीच्या बाबतीत फारच नेमका बसला. परिणामी वाघाच्या वाट्याला त्याच्या अंगाच्या लांबीहून थोडी अधिक लांबी आणि जेमतेम वळता येईल इतकी रुंदी येई. मधोमध एक सरकती फळी असे. पहाटे राखणदार ती फळी सरकवून जनावराला एका बाजूस दाबी, दुसरी बाजू लांब दांड्याच्या खोऱ्याने खरवडून, पाण्याचा फवारा मारून धुऊन काढी. मग फळी उलट सरकवून उरलेली अर्धी बाजू. गजांखालच्या फटीतून पाण्याचे भांडे आत जाई. माणूस आत पाऊल टाकीत नसे. एक दार लागल्याची खात्री झाल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, ही या कामाची पहिली आज्ञा. ती चुकली की अपघात ठरलेला.

धुणे आटोपले की सराव. तंबूत अजून कोणी नसे, बाके उलटी घातलेली असत, आणि वाघ बोगद्यातून रिंगणात येई. तो अर्धा-पाऊण तास हीच त्याची दिवसातली मोकळीक. पुढे दुपारचा खेळ, संध्याकाळचा खेळ, रात्रीचा खेळ. शेवटचा खेळ संपल्यावर मांस. मधल्या साऱ्या वेळेत तो झोपलेला असे किंवा गजांपाशी येरझारा घालीत असे: तीन पावले, वळण, तीन पावले, वळण. ही येरझार पाहून मुले हसत, ‘वाघ फेऱ्या मारतोय’ म्हणत. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे तिला बंदिवासाचे लक्षण मानतात. रानात वाघ दिवसाकाठी मैलोगणती चालतो, आणि ती चाल पिंजऱ्यात तीन पावलांत घडी घालून बसते. उन्हाळ्यात गाडीवर भिजवलेली गोणपाटे टाकीत. पावसाळ्यात चाकांखाली चिखल, वर ताडपत्री, आणि खेळ बंद. मुक्काम हलवायचा असला की रिंगणात येण्याचा तेवढा वेळही जाई. सामान चढणे, गाडी मिळणे, प्रवास, पुन्हा तंबू उभा राहणे, हे सारे होईपर्यंत पिंजऱ्याचे दार उघडत नसे.

आणि रिंगणात जे घडे, ते कशाच्या बळावर? चाबकाच्या, असे सामान्यतः समजले जाते. जुन्या शिक्षकांत मारझोड करणारे होतेच. परंतु हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार टाळून, मांसाच्या तुकड्यांचे आमिष दाखवून आणि धीर धरून शिकविण्याची रीत रूढ केली. आल्फ्रेड कूर त्याच वाटेचा. या सौम्य रीतीचे रहस्य पुढे हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने उलगडून दाखविले. प्रत्येक जनावराभोवती दोन अदृश्य वर्तुळे असतात. बाहेरच्या वर्तुळात कोणी शिरला तर जनावर मागे हटते. हटायला जागा उरली नाही आणि तो परका आतल्या वर्तुळातही शिरला, तर ते उलटून चाल करते. शिक्षक या दोन वर्तुळांच्या सीमेवर काम करतो. तो सिंहाला गजांपर्यंत मागे रेटतो, मग आणखी एक पाऊल पुढे टाकतो. सिंह चवताळून पुढे येतो. पण दोघांच्या मध्ये एक उंच बैठक ठेवलेली असते, म्हणून तो तिच्यावर चढतो. नेमक्या त्या क्षणी शिक्षक पाऊल मागे घेतो. आतले वर्तुळ मोकळे होते, हल्ल्याचे कारण संपते, सिंह बैठकीवर बसून राहतो. बाकांवर टाळ्या पडतात.

म्हणजे चाबूक अंगाला न लावताही खेळ होतो; भीतीवाचून तो होत नाही. बैठकीवर बसलेला सिंह आज्ञाधारक दिसतो. खरे पाहता तो सुटकेची जागा शोधीत असतो आणि ती त्याला तेवढीच मिळालेली असते.

जैन वाचकाला येथे श्वेतांबर चरित्रग्रंथांतील एक कथा आठवल्यावाचून राहणार नाही. भगवान महावीरांच्या जीवाने त्रिपृष्ठ वासुदेवाच्या भवात एका सिंहाला शस्त्रावाचून, नुसत्या हातांनी विदारून मारले. मरणाऱ्या सिंहाचे सांत्वन त्रिपृष्ठाच्या सारथ्याने केले. तोच सारथी पुढे इंद्रभूती गौतम झाला, आणि तो सिंह एक शेतकरी. गौतमस्वामींच्या उपदेशाने त्या शेतकऱ्याने दीक्षा घेतली, आनंदाने त्यांच्या मागोमाग निघाला. पण समोर महावीर दिसताच त्याच्या मनात अकारण भय आणि द्वेष दाटून आला आणि तो पळून गेला. साक्षात वीतराग पुरुषासमोरून पळाला! वर्तुळ किती भवांचे असू शकते, याचे इतके नेमके चित्र दुसरे सापडणे कठीण. दिगंबर पुराणपरंपरेत महावीरांचा जीव स्वतःच एका भवात सिंह होतो. दोन चारणमुनी आकाशातून उतरून त्याला त्याचे पूर्वभव सांगतात, सिंहाच्या डोळ्यांतून पाणी वाहते, तो व्रत स्वीकारतो आणि मांस सोडून शांतपणे देह ठेवतो. चोविसाव्या तीर्थंकरांचे लांछन सिंह आहे हे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या लांछनामागे मारलेला सिंह आणि उद्धरलेला सिंह असे दोघेही उभे आहेत.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत शिकविले जातात: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. येथे वध म्हणजे जीव घेणे नव्हे. तो तर व्रतभंगच झाला. वध म्हणजे ताडन, काठी-चाबकाचा मार. बंध म्हणजे कोंडणे किंवा बांधणे. हे पाचही दोष मूळचे गोठ्यातले आहेत: बैल, घोडा, उंट, बाजारपेठेची ओझ्याची जनावरे डोळ्यांपुढे ठेवूनच ते सांगितले गेले असावेत. तरीही भारताच्या संसदेने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, त्याचे अकरावे कलम वाचताना आश्चर्य वाटते. मारणे, अतिभार लादणे, अंग तोडणे, अन्नपाणी न देणे, आणि ज्यात पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणे: पाचही अतिचार तेथे गुन्हे म्हणून ओळीने आले आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. व्यापाऱ्याच्या वहीत हा आकडा किरकोळ खर्चातच जाईल.

त्यामुळे अकराव्या कलमाने पिंजरे हलले नाहीत. हलविले ते त्याच कायद्याच्या बाविसाव्या कलमाने. कोणत्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत हे केंद्र सरकारने ठरवावे, असा अधिकार त्यात आहे. १९९१ साली पहिली अधिसूचना निघाली, सर्कसमालक न्यायालयात गेले, फेरविचार झाला, आणि १४ ऑक्टोबर १९९८ रोजी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या पाचांची नावे नव्याने जाहीर झाली. केरळ उच्च न्यायालयाने जून २००० मध्ये ती योग्य ठरविली. १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मालकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, शेकडो पोटे, आणि प्राण्यांना आम्ही मुलांसारखे जपतो हे सांगणे, या सर्वांत काही तथ्य होते. पण मुलासारखे जपलेल्या जीवाला तीन पावलांची जागा देता येत नाही.

व्यवहाराच्या बाजूनेही हा डोलारा आतून पोकळ झालेला होता. प्रौढ वाघाला दिवसाला सुमारे ८ ते १० किलो मांस लागते. दहा जनावरांची सर्कस धरली आणि आठवड्यातला एक दिवस लंघनाचा वगळला, तरी वर्षाला २५ टनांच्या आसपास मांस झाले. खेळ चालो वा न चालो, हा खर्च रोजचा. पावसाने महिना बुडाला, गर्दी चित्रपटाकडे आणि पुढे दूरचित्रवाणीकडे वळली, की पहिली काटछाट कोठे होणार हे सांगावयास नको. माल पडून राहिला तर व्याज चढते एवढेच. जनावर पडून राहिले तर खंगते. पाचवा अतिचार बहुधा असा, दुष्टपणाने नव्हे तर तोट्याने घडतो. त्यातच पिंजऱ्यात पिल्ले होत राहत. वाघ-सिंह बंदिवासात सहज वितात. बछडे जाहिरातीला बरे, पण दोन वर्षांत त्यांनाही आठ किलो लागते.

निकालानंतर या प्राण्यांचे काय झाले, ही कथा फार थोड्यांना ठाऊक आहे. टाळ्या वाजविणारे घरी गेले आणि बंदीसाठी झटणाऱ्यांपैकीही बरेचजण घरी गेले. पिंजऱ्यात जन्मलेला, माणसाच्या हातून खाल्लेला, शिकार कधीच न केलेला वाघ अरण्यात सोडता येत नाही. तो उपाशी मरेल किंवा गावात शिरेल. म्हणून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या देखरेखीखाली बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्यास, तिरुपतीस, विशाखापट्टणमला, चेन्नईजवळच्या वंडलूरला, जयपूरला, चंडीगडजवळच्या छतबीरला संगोपन केंद्रे उघडली गेली आणि सर्कशींचे पिंजरे तेथे रिते झाले. बहुतेक सिंह आफ्रिकी आणि गीरच्या सिंहांच्या संकरातून झालेले. त्यांची प्रजा वाढवून उपयोग नव्हता, उलट गीरच्या शुद्ध वंशात ती मिसळण्याचा धोका होता. तेव्हा ठरले ते असे: यांना जगू द्यावे, औषधपाणी करावे, पण प्रजा होऊ देऊ नये. वाघ-सिंह बंदिवासात पंधरा-वीस वर्षे जगतात. त्या हिशेबाने त्या तंबूंतून आलेली पिढी आता संपली आहे.

प्राधिकरणाच्या मानकांत दोन मापे आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. वाघाच्या जोडीसाठी मोकळे आवार किमान १,००० चौरस मीटर. मारुंजीच्या भाषेत दहा गुंठे. आणि खाण्यासाठी, रात्री आत घेण्यासाठी जी खोली, ती २.७५ मीटर लांब आणि १.८० मीटर रुंद. म्हणजे नऊ फूट बाय सहा फूट. आवार या खोलीच्या सुमारे २०० पट. वाघाच्या दृष्टीने पहिले माप सर्वस्वी नवे. पायांखाली माती, एखादे झाड, उन्हात जाण्याची आणि सावलीत येण्याची मुभा, पाण्याचे टाके. दुसरे माप मात्र त्याच्या ओळखीचे. अशी केंद्रे पाहिलेल्यांना एक गोष्ट हमखास दिसते: जन्मभर पिंजऱ्यात राहिलेले जनावर मोकळ्या आवाराचे दार उघडले तरी लगेच बाहेर पडत नाही. उंबऱ्यावर उभे राहून ते हुंगते आणि मागे फिरते. बाहेर पडल्यावरही भिंतीला धरून तीच जुनी येरझार घालते. पूर्ण आवार वापरायला त्याला बराच काळ लागतो, आणि काहींना ते कधीच साधत नाही.

जीवदयेचे काम करणाऱ्या जैन घराण्यांनी या साऱ्यात कोणता वाटा उचलावा, हा प्रश्न येथे अवघड होतो. गाय, बैल, म्हैस, पारवे, यांच्यासाठी समाजाने शतकानुशतके हात सैल ठेवला आहे. मारुंजीपासून फार दूर नसलेल्या भोसरीची पांजरपोळ पुणेकरांच्या परिचयाची आहे. चाऱ्याची पावती फाडली की मनाला स्वस्थता येते. आचार्य हीरविजयसूरींच्या भेटीनंतर अकबराने पिंजऱ्यातले पक्षी सोडले, ही सोळाव्या शतकातली घटना व्याख्यानांतून अभिमानाने सांगितली जाते. पक्षी सोडला की उडून जातो आणि दाता मोकळा होतो. वाघाचे तसे नाही. वाघाला अभय देणे म्हणजे त्याला पुढची पंधरा वर्षे रोज आठ किलो मांस देणे. ते मांस कोणाचे तरी असते, बहुधा म्हशीचे. ज्या म्हशीला पांजरपोळीत आसरा द्यायचा, तिच्याच जातीच्या दुसरीचा घास करून वाघ वाचवायचा.

कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्याला मान्यता देणे: हिंसेच्या या तीन वाटा जैन घरात बालपणापासून सांगितल्या जातात. सर्कशीचे तिकीट काढणारा तिसऱ्या वाटेवर उभा असे, हे आज सहज मान्य होते. त्याने पिंजरा बांधला नाही, फळी सरकविली नाही. चार आणे दिले आणि टाळी वाजविली. तीच फूटपट्टी संगोपन केंद्राला देणगी देणाऱ्याला लावली तर? कित्येक प्राणिसंग्रहालयांत एखाद्या प्राण्याचा वर्षाचा खर्च उचलण्याची योजना असते. वाघाच्या खर्चात मोठा भाग खाद्याचा. तेव्हा हरीण किंवा मोर निवडणे सोपे जाते, आणि अनेक श्रद्धाळू कुटुंबे तसेच करतात. कोणी वाट काढतात: देणगी द्यावी, पण ती औषधाला, कुंपणाला, पाण्याच्या टाक्याला लागेल अशी अट घालावी. हिशेबाच्या वहीत हे दोन रकाने वेगळे ठेवता येतात, हे प्रत्येक मुनीम जाणतो. वाघाच्या पोटात ते वेगळे राहतात की नाही, यावर साधुसाध्वींना विचारणारेही आहेत, आणि त्यांना मिळणारी उत्तरे एकसारखी नाहीत. मांसाहारी जीवालाही अभय हवेच असे एक म्हणतो. त्याच्या आहाराचे निमित्त श्रावकाने होऊ नये असे दुसरा म्हणतो. सिंहाच्या भवातील महावीरांच्या जीवाने मांस सोडले खरे, पण ते मुनींच्या उपदेशाने आणि स्वतःच्या पुरुषार्थाने. बन्नेरघट्ट्याच्या सिंहाकडून ती अपेक्षा करणे म्हणजे अन्नपाननिरोधच.

या प्रश्नापासून दूर राहणे आता त्यामानाने सोपे झाले आहे. आजच्या सर्कशीत वाघ-सिंह नाहीत. कसरतपटू आहेत, विदूषक आहेत, क्वचित यंत्राचा हत्तीही सोंड हलवितो. ज्या केंद्रांत हे प्राणी गेले, तेथे त्यांच्या जागी आता अन्य संकटांतून सोडविलेले वाघ, बिबटे राहतात. दिनक्रम बराचसा तोच आहे, फक्त उलट्या बाजूने. सकाळी दार उघडते आणि जनावर आवारात जाते. राखणदार रिकामी खोली धुतो. एक दार लागल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, ही आज्ञा तशीच. सायंकाळी खोलीत मांस ठेवले जाते, साखळी ओढून सरकते दार वर घेतले जाते, आणि दहा गुंठे सोडून वाघ आपल्या पायांनी नऊ बाय सहा फुटांत येतो. चाबूक नाही, बैठक नाही, बाकांवर कोणी नाही.

मारुंजीत त्याच सुमारास दिवे लागतात. इमारतींचे आधी, मग वाड्यांचे. मुळशीच्या डोंगरपट्ट्यात बिबट्याचा वावर आजही आहे; त्याला कोणी गुंठे मोजून दिलेले नाहीत आणि त्याचे मांस कोणी तोलून ठेवीत नाही. त्याची वाट कोणत्या रानातून जाते ते रानातल्या माणसांना साधारण माहीत असते. म्हणून डोंगराकडच्या वस्तीवर तिन्हीसांजेला शेळ्या मोजून आत घेतात, आणि गोठ्याची कडी लागली की नाही हे घरातला कोणीतरी पुन्हा एकदा जाऊन पाहतो.